जे म्हणावं लागत नाही

शेगावात 'शेगाव कचोरी' कुणी म्हणत नाही. ती पाटी अकोल्याला, नागपूरला, पुण्याला. गावात ती नुसती कचोरी असते. 'श्री'चंही तसंच. पुण्यात भाद्रपदात 'श्रींची प्रतिष्ठापना' असं वाचलं की आपण गणपती समजतो. पाकिटावर 'श्री.' असेल तर पुढे कुणातरी गृहस्थाचं नाव येणार. शेगावात 'श्रींची पालखी', 'श्रींचं दर्शन' यातले श्री म्हणजे गजानन महाराज, त्यात शंका नाही. 'पारायण' म्हटलं की दासगणूंच्या २१ अध्यायांच्या 'श्री गजानन विजय' पोथीचं. आळंदीत हाच शब्द ज्ञानेश्वरीकडे नेतो. 'संस्थान' म्हटलं की इथे मंदिराचा कारभार पाहणारी संस्था, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या जुन्या माणसाला त्याच शब्दात राजवाडा दिसतो.

बोलताना आपण काय गाळतो? जे समोरच्याला ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, ते. त्यामुळे एखाद्या गावानं, देशानं, कॉलेजच्या पोरांनी शब्द कुठे तोडला हे नीट पाहिलं की त्या लोकांनी काय गृहीत धरलंय ते कळतं. लघुरूपांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात हे फारसं येत नाही. तिथे एकच रडगाणं असतं: मोबाईल आला, पोरं आळशी झाली, पूर्ण शब्द लिहीत नाहीत, भाषा बिघडली.

हे रडगाणं गाणाऱ्यांनी घरातली जुनी पोस्टकार्डं काढून बघावीत. 'ती. दादांस कृ. सा. न. वि. वि.' अशी सुरुवात. कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. व्हॉट्सॲपवर एवढी अक्षरं एका दमात कुणी गिळलेली मला तरी दिसलेली नाहीत. लग्नपत्रिका बघा: चि., चि. सौ. कां., सौ., श्री., कै., ह. भ. प., मु. पो., ता., जि. त्यातला 'ता.' एकदा तालुका असतो आणि दोन ओळी वर तारीख. 'वि.' तर फारच कामाचा. पत्रात विनंती, कोर्टात विरुद्ध, शब्दकोशात विशेषण, आणि खांडेकरांच्या नावात विष्णू.

साहित्यवाले तर यात सगळ्यांच्या पुढे. पुलं, वपु, गदिमा, जीए. 'पुलंनी म्हटलंय' असं वाक्य फेकायचं आणि समोरच्यानं 'कोण पुलं?' विचारलं की भुवया वर करायच्या. त्यातही गंमत अशी की पु. ल. मराठी अक्षरांनी तुटले आणि जी. ए. इंग्रजी अक्षरांनी, पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच सवयीची. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात मेहकरचे ना. घ. देशपांडे आहेत. मलकापूरला १८७२ साली जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते तर 'बी' एवढ्या एका अक्षरावर आले. शेतकऱ्याच्या पोराला त्यात पेरायचं बी दिसेल, इंग्रजी शाळेतल्या पोराला मधमाशी. 'चाफा' लिहिणाऱ्या या कवीचं त्यानं काही बिघडलं नाही.

म्हणजे तोडातोड आपल्याला नवी नाही. कुणी तोडली यावर ती शिष्ट की बिघडलेली हे ठरतं. आजोबांचं 'स. न. वि. वि.' संस्कार आणि नातीचं 'ओके' संस्कृतीचा ऱ्हास, ही विभागणी मला मान्य नाही. शिवाय शिष्ट लघुरूपं नेहमी निरुपद्रवी असतात असंही नाही. 'गं. भा.' घ्या. गंगा भागीरथी. दोन नद्यांची नावं, ती तोडून दोन अक्षरं, आणि एवढ्यावर सगळ्या गावाला कळतं की या बाईचा नवरा वारलाय. बाईच्या नावामागे कुमारी, सौभाग्यवती, गंगा भागीरथी असा जन्मभराचा हिशेब चालतो. बायको वारली तरी माणूस 'श्री.'च राहतो. २०२३ मध्ये 'विधवा' शब्दाऐवजी 'गं. भा.' वापरावं असा प्रस्ताव राज्यात चर्चेला आला तेव्हा त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. शब्द झाकला, खूण तशीच.

आता इंग्रजीकडे येऊ. आपण जे इंग्रजी शब्द वापरतो त्यातले कितीतरी तिकडे तुटून मग इकडे आलेत. 'बस' हा त्यातला माझा आवडता. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये सगळ्यांना बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या, त्यांना लॅटिनमधला 'ऑम्निबस' शब्द मिळाला. अर्थ, सर्वांसाठी. पुढे लोकांनी पुढचा भाग टाकला आणि शेपूट ठेवलं. हे शेपूट म्हणजे नुसता विभक्तीचा प्रत्यय. मराठीत करायचं तर 'सर्वांसाठी' मधलं 'सर्वां' उडवून 'साठी आली, चला चढा' असं म्हणायचं. जगभर लोक रोज एका प्रत्ययात बसून कामाला जातात आणि कुणाचं काही अडत नाही.

आपण मात्र त्या बसलाही 'बस' न म्हणता 'एसटी' म्हणतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, पुढे महामंडळाचं लांबलचक नाव झालं, पण लोकांच्या तोंडी स्टेट ट्रान्सपोर्टची दोन अक्षरंच राहिली. त्यांना स्त्रीलिंग मिळालं. 'एसटी लागली' याचे दोन अर्थ झाले, एक फलाटाचा आणि एक पोटाचा. हीच दोन अक्षरं कॉलेजच्या अर्जात आली की अनुसूचित जमाती. शेगावच्या स्टँडवर उभा असलेला माणूस या दोन्हींत कधी गोंधळत नाही, कारण स्टँडवर कुणी अर्ज भरत नसतो. जागाच अर्थ सांगते.

बाईकची गोष्ट जास्त मजेची आहे. इंग्रजीत 'बायसिकल' हा एकच शब्द होता, दोन चाकांची. त्याचे दोन तुकडे झाले. एक 'सायकल', एक 'बाईक'. इंग्लंड-अमेरिकेत बाईक म्हटलं की आधी पायडलवाली डोळ्यांसमोर येते, मोटरवाली नंतर. आपण दोन्ही तुकडे आणले आणि त्यांच्यात वाटणी केली. पायडल मारायची ती सायकल, पेट्रोल घालायचं ती बाईक. एकाच आईची दोन लेकरं, एक गरिबाघरी दिलं आणि एक ईएमआयवर. 'मी बाईकवरून कॉलेजला जातो' हे वाक्य इथल्या पोरानं लंडनमध्ये टाकलं तर ऐकणारा त्याच्या तब्येतीचं कौतुक करेल. तेच वाक्य त्यानं खामगावात टाकलं तर गाडी कुठली, ॲव्हरेज किती, असं विचारतील. (ॲव्हरेजही तोडलेलंच आहे. कशाची सरासरी हे कुणी बोलत नाही, लिटरमागे किलोमीटर हे सगळ्यांना ठाऊक.)

अमेरिकेतल्या मराठी घरात 'गॅस भरून येतो' म्हणजे गाडीत पेट्रोल भरून. गॅसोलिन तोडून तिथे गॅस झाला. आपल्या घरात गॅस संपतो, गॅसवर दूध उतू जातं, आणि जेवणानंतर आजोबांना गॅस होतो. तिकडच्या लेकानं फोनवर 'गॅस महाग झालाय' म्हटलं की इकडची आई सिलिंडरचा भाव सांगायला लागते. दोघंही खरं बोलतायत. ऑस्ट्रेलियात पेट्रोल पंपाला 'सर्व्हो' म्हणतात, सर्व्हिस स्टेशन तोडून मागे ओ लावायचा. आपल्याकडे पंपावर 'सर्व्हो' लिहिलेलं दिसतं ते इंडियन ऑइलच्या इंजिन ऑइलचं नाव. शेगावच्या इंजिनिअरिंगच्या पोराला विचाराल तर तो सर्व्हो मोटर समजावून सांगेल.

ऑस्ट्रेलियन माणसं दुपारलाही 'आर्व्हो' म्हणतात. शब्द छोटा करायचा आणि मागे एक सलगीची शेपटी लावायची ही त्यांची खोड आपल्याला परकी वाटू नये. वऱ्हाडात गजानन नसलेलं घर शोधावं लागेल, आणि हे सगळे गजानन घरी गजू असतात, पोट्ट्यांत गज्या. 'गजू' आई म्हणते, 'गज्या' दोस्त म्हणतो. तेच 'गज्या' अनोळखी माणसानं म्हटलं तर मारामारी होऊ शकते. मात्र ज्यांच्या नावावरून ही सगळी नावं ठेवली, त्यांना कुणी गजू म्हणत नाही. तिथे लहान रूप वेगळ्या बाजूनं होतं: श्री, बाबा, माउली. म्हणजे तोडणं हा अनादर नव्हे, या गावात सगळ्यात आदराचं नाव एकाच अक्षराचं आहे. अर्थात कॉलेजच्या नावात याच महाराजांची 'जी' आणि 'एम' अशी दोन अक्षरं झाली आहेत. १९८३ साली सुरू झालेलं श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज बायोडेटावर 'एसएसजीएमसीई' होतं. पुण्यात जंगली महाराजांचा 'जेएम' झाला. रेल्वेच्या कागदात 'जेएम' म्हणजे जलंब, शेगावच्या शेजारचं जंक्शन, जिथून खामगावला फाटा जातो. पुण्याच्या पोराला जेएमवर भेटायला बोलवायचं असेल तर जपून.

'व्हेज' मात्र हसण्यावारी नेण्यासारखा शब्द नाही. इंग्लंडमध्ये व्हेज म्हणजे भाजी. ताटात मांस आणि बाजूला दोन प्रकारचं व्हेज. आपण तो 'व्हेजिटेरियन' पासून तोडला आणि तो ताटातून उठून माणसाला चिकटला. 'तू व्हेज का?' असं इंग्लंडमध्ये विचारलं तर ते 'तू कोबी का?' असं ऐकू येईल. मग 'नॉनव्हेज' आला. या देशात मांस-मासे खाणारे बहुसंख्य आहेत, तरी त्यांचं नाव नकारानं सुरू होतं. थोड्यांचं खाणं नियम झालं आणि बहुतेकांचं अपवाद. या एका शब्दानं जेवढं गृहीत धरलंय तेवढं लिहून काढायचं तर पुस्तक होईल. पुढे हाच शब्द जोकला लागला आणि अश्लील झाला, तेही कुणाला खटकलं नाही.

काही तुकडे तर आपणच पाडले. 'फंडामेंटल्स' तोडून 'फंडा' भारतातल्या कॉलेजांत झाला. त्याला मराठीनं पुल्लिंग दिलं, अनेकवचन दिलं, आणि आता 'फंडे क्लिअर असले पाहिजेत' हे वाक्य ऐकताना त्यात इंग्रजी आहे हे लक्षातही येत नाही. 'सेंटी' तसाच. 'सेंटी नको मारू बे' यातला 'बे' हाही 'अबे' तोडून झालेला, त्यामुळे ते पूर्ण वाक्य वऱ्हाडी आहे असं मी मानतो. लंडनच्या माणसाला ते कळणार नाही, आणि त्यात आपलं काही चुकलेलं नाही.

'एसटीआय'चं काय करायचं, हे मात्र मला कळत नाही. एमपीएससीतून विक्रीकर निरीक्षक झालेल्या पोरांचे फ्लेक्स गावोगाव लागतात, 'एसटीआय पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक देशांत ही तीन अक्षरं दवाखान्यात ऐकू येतात, शरीरसंबंधातून होणाऱ्या संसर्गासाठी. जीएसटी आल्यावर विक्रीकर जाऊन पदाचं नाव राज्यकर निरीक्षक झालं, तरी इंग्रजीत सेल्सच्या जागी स्टेट बसलं आणि अक्षरं वाचली. खरं तर ती वाचलीच असती. लायब्ररीत चार-चार वर्षं बसणारा पोरगा सेल्स म्हणून किंवा स्टेट म्हणून अभ्यास करत नाही, 'एसटीआय' म्हणूनच करतो.

इथवर चालतं. शब्द कुठे कसा तुटला याची मजा सांगत बसता येते. 'सेमी'पाशी आलं की जरा थांबावं लागतं.

इंग्लंडमध्ये सेमी म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर. अमेरिकेत तो मोठा मालट्रक, उच्चार 'सेमाय'. क्रिकेट बघताना तो उपांत्य सामना. आणि महाराष्ट्रात, 'पोराले कुठं टाकलं?' 'सेमीले टाकलं.' गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, अशी ही सेमी-इंग्रजी शाळा. यातून गळालेला शब्द 'इंग्रजी' आहे. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ज्याच्या नावानं फी, तोच शब्द म्हणावा लागत नाही, कारण शाळा म्हटलं की आता इंग्रजीच हवी हे सगळ्यांनी धरून टाकलंय. आणि दुसरा अर्धा भाग, मराठी, तो तर मूळ नावातही नव्हता. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून पालकांचा ओढा कुठे आहे हे लपलेलं नाही. मी त्या पालकांना दोष देणार नाही. शेती बेभरवशाची असलेल्या जिल्ह्यात पोराला इंग्रजी येऊ दे म्हणणारा बाप चूक करत नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' कादंबरी याच मुलखातली, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ भरपूर शिकून बेकार आहे. पदवीची अक्षरं नावापुढे लागली आणि नोकरी आली नाही, हे इथल्या कितीतरी घरांनी पाहिलंय. पुढच्या पिढीला त्या घरांनी सेमीत घातलं तर नवल काय? पण त्या शाळेत पोरगं 'त्रिकोण' विसरतं आणि 'ट्रँगल'चं स्पेलिंग चुकतं, आणि या अर्धवटपणाचं नाव आपण रोज अर्धवटच घेतो. हे बोचतं.

बारावीनंतरच्या ॲडमिशनमध्ये तर नुसती अक्षरं असतात. कॅप राऊंड, टीसी, एलसी, नॉन-क्रिमिलेयर, ईडब्ल्यूएस, ईबीसी. 'टीसी' म्हणजे गाडीत तिकीट विचारणारा, एवढंच घरात माहीत असलेल्या बापाला कॉलेजचा क्लार्क 'टीसी आणली का?' विचारतो. शाळेचा 'दाखला' हा चांगला शब्द आहे, बापाला येतो, पोराला येतो, क्लार्कलाही येतो, फक्त खिडकीच्या आत गेला की वापरायचा नसतो. 'ईबीसी' तर राज्य बदललं की अर्थ बदलते. महाराष्ट्रात ती आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांची फीसवलत. योजनेला राजर्षी शाहूंचं नाव मिळालं तरी लोक ईबीसीच म्हणतात. बिहारमध्ये ईबीसी म्हणजे अतिमागास जाती. इथल्या 'ई'ला घराचं उत्पन्न लागतं, तिथल्या 'ई'ला जात.

आणि 'व्हॅलिडिटी'. मोबाईल हातात असलेल्या कुणालाही हा शब्द रिचार्जमधून माहीत असतो, २८ दिवस, ८४ दिवस. राखीव जागेवर ॲडमिशन घेणाऱ्या पोरासाठी तो वेगळा आहे. जात प्रमाणपत्र काढायचं, मग ते पडताळणी समितीकडे द्यायचं, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधायच्या, आणि समितीनं खरं म्हटलं की मिळतं ते जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. ते वेळेत हाती आलं नाही तर राखीव जागेवरचा दावा जातो. इंग्रजीत त्याचं नाव कास्ट व्हॅलिडिटी सर्टिफिकेट. या तीन शब्दांतले दोन पोरांनी गाळले आणि मधला ठेवला. 'माझी व्हॅलिडिटी आली नाही अजून.'

का गाळला 'कास्ट'? सोय म्हणून, हे एक उत्तर. दुसरं असं की जिथे हे वाक्य बोललं जातं तिथे जात सगळ्यांना ठाऊक असते, ती बोलावी लागत नाही. तिसरं उत्तर मला जास्त पटतं: मेसमध्ये, होस्टेलच्या व्हरांड्यात तो शब्द मोठ्यानं म्हणायचा नसतो. 'व्हॅलिडिटी' म्हटलं की काम होतं आणि मान खाली घालावी लागत नाही. रडगाणं गाणाऱ्यांनी याला आळस म्हणून दाखवावं. मला यात अठरा वर्षांच्या पोरानं स्वतःसाठी शोधलेली पळवाट दिसते, आणि ती शोधावी लागली याची लाज त्याला वाटू नये, आपल्याला वाटावी.

पण हाच शब्द खोलीतल्या दोन पोरांना वेगळं काढतो. एकाच्या मोबाईलची व्हॅलिडिटी संपते, दुसऱ्याची यायची असते. पहिल्याला दुसऱ्याचं बोलणं कळतच नाही, कळायची कधी गरज पडलेली नसते. 'अरे, मग रिचार्ज मार ना,' असं तो अगदी सरळ मनानं म्हणून जातो. दुसरा हसतो, पुढच्या तारखेचा कागद फाईलमध्ये घालतो आणि अकोल्याच्या गाडीची वेळ बघतो.